समुद्राची ओटी

गेवराईच्या माणसाला पाणी म्हटलं की गोदावरी आठवते, त्यापुढं त्याची नजर जात नाही. त्यामुळे दिवाळीची गर्दी ओसरल्यावर ह्यांनी कापड दुकानाला कुलूप लावून “चला, समुद्र दाखवून आणतो” असं जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी पहिली चौकशी केली ती समुद्राची नव्हे, जेवणाची. आमचं घर शंकराचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि निघालो होतो कोकणातल्या कोळीवाड्यात. डिकीत आमच्या कपड्यांपेक्षा दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणीच जास्त होती.

कोळीवाडा आता नावालाच उरलाय. किनाऱ्यावर हॉटेलं, पाठीवर झुली टाकलेले उंट, पाण्यावर फटफट करत पळणाऱ्या गाड्या. आम्ही उतरलो त्या घराची मालकीण कोळीण होती, माझ्याहून चारदोन वर्षांनी मोठी असेल. तिच्या अंगणात पूर्वी सुकट वाळायची, आता तिथं आमच्यासारख्यांच्या मोटारी उभ्या राहतात. “होड्या आहेत, पण त्यातून आता पाहुणेच फिरतात,” ती म्हणाली. मला वाटलं, हिला वाईट वाटत असणार. तसं काही नव्हतं. नवरा वादळात अडकला तर काय, हा घोर संपला म्हणून ती खुशीत होती. आमच्यासाठी तिनं वेगळी भांडी काढली, तर सासूबाईंनी पातेलं उचलून चक्क हुंगून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र म्हणाली, “हुंगा आजी, खुशाल हुंगा. नवीच आहेत.”

माझ्या पिशवीत एक खण होता, दुकानातून कुणाला न सांगता उचललेला. आमच्याकडं बायका नदीची ओटी भरतात. सासूबाईंनी गोदावरीची ओटी कधी चुकवली नाही, पण सासरे गेले आणि ते बंद झालं. विधवेनं ओटी भरू नये असं घरात कुणी म्हटलं नव्हतं, त्यांनी आपणहूनच हात मागं घेतला. सणावाराला माझी ओटी भरायची झाली तरी शेजारणीला बोलावतात आणि स्वतः दाराआड उभ्या राहतात. मला त्याचा भयंकर राग येतो. माझी दोन्ही बाळंतपणं ज्या हातांनी काढली, ते हात अशुभ कसे? म्हणून ठरवूनच आले होते, इथं परक्या मुलखात त्यांच्या हातानं समुद्राची ओटी भरायची.

संध्याकाळी पाण्याशी गेलो आणि मी खण, नारळ, मूठभर गहू बाहेर काढले. हे हसायलाच लागले. “अगं, समुद्र बाप्या हाय. त्येची ओटी भरतेत व्हय?”

“तुमी गप बसा,” मी म्हटलं आणि सासूबाईंकडं वळले. “आत्या, हितं कोण वळखतंय आपल्याला? भरा.”

त्यांनी पाण्याकडं पाहिलं. “लई मोठं हाय गं पाणी,” एवढंच म्हणाल्या. मग पदर खोचला, गहू सोडले, नारळ खणात गुंडाळून लाटेवर ठेवला आणि हात जोडले. त्यांचा तो चेहरा मी गोदाकाठी पाहिलेला होता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

लाट आली, ओटी घेऊन गेली, आणि दुसऱ्या लाटेनं ती त्यांच्या पायाशी आणून टाकली. त्यांनी पुन्हा सोडली. पुन्हा आली. तिसऱ्यांदाही तेच. नदीत सोडलेलं वाहून जातं, माघारी आलेलं आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं.

“बघितलंस?” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. “माझ्या हातचं घेत न्हाई.”

“आई, भरती हाय,” हे म्हणाले. “समदंच माघारी येतंय.” पण त्या तोवर चालायला लागल्या होत्या. ओला खण आणि नारळ उचलून मी मागून निघाले. समुद्राचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. कुठली अवदसा आठवली मला!

कोळिणीच्या घरी येऊन सासूबाई अंगणातल्या तुळशीजवळ खुर्चीवर बसल्या. चहासुद्धा नको म्हणाल्या. कोळिणीनं विचारलं तसं मी सगळं सांगितलं. ती आधी खो-खो हसली आणि मग त्यांचा चेहरा पाहून त्यांच्यापुढं उकिडवी बसली.

“आजी, नारळी पुनवेला आख्खा गाव नारळ सोडतो. कितीतरी परत किनाऱ्याला लागतात. आम्ही काय रडत बसतो? दर्याचा हात लागला, प्रसाद झाला. फोडतो आणि खातो.” मग तिनं खण पिळला. “आणि हा कशाला दिलात त्याला? बाप्या तो, चोळी कुणाला शिवणार? बाईमाणसासाठी परत पाठवला असेल.”

“मी तेच म्हणत होतो,” हे म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

सासूबाई किंचित हसल्या. मग नारळ उचलून मांडीवर घेतला. कोळीण आतून कोयता घेऊन आली, तशा एकदम म्हणाल्या, “थांबा, फोडू नका. हळदी-कुंकू हाय का घरात?”

तिनं करंडा आणला. मला कळलं पुढं काय ते. शेजारीण नाही तर ही भरणार माझी ओटी. मी ओढणी सावरून तिच्यासमोर उभी राहिले, तिनंही कुंकवात बोट बुडवलं.

“तुमी न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “मी.”

त्यांनी कुंकू लावलं, ते निम्मं माझ्या नाकावर सांडलं. मग तो वाळूनं भरलेला ओला खण आणि नारळ त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या ओढणीत घातला. “त्येनं माघारी धाडलंय,” म्हणाल्या, “ते मीच देते तुला.” मी पाया पडायचं विसरले. तशीच ओढणी धरून रडत उभी राहिले.