आईचा नवस आणि बेटावरचा वर्ग

देवाशी देवाणघेवाण करू नये, असं माझं पहिल्यापासून मत. 'तू हे कर, मग मी ते करतो' ही भाषा ऑफिसात ठीक आहे, देव्हाऱ्यासमोर ती शोभत नाही. आईचं मत नेमकं उलट होतं. मागायचं तर आपणही काहीतरी कबूल करायला नको का, असं ती विचारायची. या विषयावर आमचं कधी जमलं नाही. मी रोज गणपतीला नमस्कार करायचो, पण तो सवयीने, घरातून निघताना किल्ल्या चाचपाव्यात तसा. त्या नमस्काराने काही होतं का, हा प्रश्न मनात यायचा आणि मी तो बाजूला सारायचो.

तेव्हा मी सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत नोकरीला होतो. घर पासिर रिसला. त्या वर्षी आमच्या भागात डेंग्यूची साथ आली आणि माझी आठ वर्षांची लेक तिच्यात सापडली. तिच्या प्लेटलेट उतरत गेल्या. डॉक्टर फार सौजन्याने बोलत होते आणि त्या सौजन्याचीच मला भीती वाटायला लागली. बायको लेकीजवळ बसलेली आणि मी कॉरिडॉरमध्ये फोन कानाला लावून पुण्याशी बोलत उभा, असे ते दिवस गेले. मग आकडा थांबला, वर चढू लागला आणि पोरगी घरी आली. व्हिडिओवर आजीने तब्येत विचारली तेव्हा ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, आय ओके ऑलरेडी लाह." आई हसली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आता तुझं काम सुरू."

आई कोथरूडला ताईकडे राहायची. महापालिकेच्या शाळेत तिने हयात काढली होती. लेक हॉस्पिटलात असताना तिने गणपतीसमोर नवस बोलला होता: नात बरी झाली तर माझा मुलगा वर्षभर, महिन्यातून एकदा, जिथे शिकवायला कोणी नाही अशा ठिकाणी जाऊन मुलांना शिकवील. आपल्याकडे आया मुलांच्या नावाने बिनदिक्कत नवस बोलतात आणि मुलांना ते मागाहून कळतं. मी म्हणालो, "आई, तू बोललीस ना, मग तू फेड."

"माझे गुडघे बघितलेस का? आणि मुलगी कुणाची?"

मी जागा शोधायला लागलो.

सिंगापुरात शिकवायला कोणी नाही अशी मुलं शोधायची म्हणजे मोठीच अडचण. इथे पहिलीतल्या पोरालाही चार शिकवण्या असतात. पण आमच्या ऑफिसातली काही मंडळी महिन्यातून एकदा फेरीबोटीने बाटम बेटावर जात आणि तिथून लाकडी बोटीने आणखी पुढच्या एका छोट्या बेटावर रविवारचा वर्ग घेत. इंडोनेशियाच्या हद्दीतलं ते बेट, सगळी वस्ती कोळ्यांची, घरं पाण्यात रोवलेल्या खांबांवर. सरकारी शिक्षक होते, पण समुद्र खवळला की ते येऊ शकत नसत आणि समुद्र तिथे वरचेवर खवळायचा. मी त्या मंडळींबरोबर जायला लागलो. पुढे कुणाची बदली झाली, कुणाला बाळ झालं, कुणाला बोट लागायची. सहा महिन्यांत मंडळ गळून गेलं आणि मी एकटा उरलो. मी गेलो नाही तर त्या महिन्याचा वर्ग नाही, अशी स्थिती आली.

मी चांगला शिक्षक नव्हतो हे सांगितलेलं बरं. मला मलय भाषा तोडकीमोडकी यायची आणि मुलांना माझं इंग्रजी कळायचं नाही. अपूर्णांक शिकवताना मी पिझ्झाचं चित्र काढलं, तर मुलांनी पिझ्झा पाहिलेलाच नव्हता. शेवटी मासा काढला. माझा मासा बघून वर्ग इतका हसला, की शेपटी नीट काढून द्यायला नूर नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी उठून फळ्याशी आली. ती मुलं मला 'पाक गुरू' म्हणत, म्हणजे आपल्याकडे 'गुरुजी' म्हणावं तसं. माझी बोट लांबून दिसली की ती धक्क्याजवळच्या लाकडी फळ्यांच्या खोलीत जाऊन ओळीने बसायची. बोट उशिरा आली तरी बसलेली असायची.

तरी मला कंटाळा यायचा. खाऱ्या पाण्याने बूट खराब व्हायचे, परतताना डोकं दुखायचं, सोमवारी ऑफिसात डुलक्या यायच्या. देव काय हजेरी घेतो का, असं मी बायकोला एकदा वैतागून म्हणालो. देव घेत नव्हता, पण आई घ्यायची. दर महिन्याला तिचा फोन यायचा. "गेला होतास?" एवढंच विचारायची. मुलं कशी आहेत, काय शिकवलंस, काही नाही. एकदा मी जरा चिडून बोललो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अरे, नवस अर्धवट राहिला की बोलणाऱ्याचा जीव अडकून राहतो. माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे, म्हणजे मी सुटले." तिचं हृदय तेव्हा थकत चाललं होतं. ते आम्हाला माहीत होतं आणि तिलाही.

शेवटचा एक वर्ग उरला होता. रविवारचं फेरीचं तिकीट काढलेलं होतं. शनिवारी दुपारी ताईचा फोन आला. "अरे, आईला आयसीयूत हलवलंय. तू निघ." मी मिळेल त्या विमानाने निघालो. चांगी विमानतळावर बसल्या बसल्या बोटवाल्या पाक जमालना निरोप द्यायचा प्रयत्न केला. ते मला बाटमहून बेटावर न्यायचे. फोन लागला नाही. बेटावर तर फोन लागायचाच नाही. उद्या मुलं ओळीने बसतील, एवढं मनात आलं आणि मग आईशिवाय दुसरं काही सुचेना.

रविवारी सकाळी मी आईजवळ पोचलो. ती शुद्धीवर होती, पण बोलायला तिला फार कष्ट पडत होते. दुपार होत आली तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"झाला का रे?"

काय, ते विचारायची गरज नव्हती. मी म्हणालो, "झाला आई. पुरा झाला."

तिने हात जोडायचा प्रयत्न केला. एका हाताला सुई होती, म्हणून मीच तिचे दोन्ही हात एकत्र आणून माझ्या हातात धरले. तिचा चेहरा सैल झाला. त्यानंतर ती बोलली नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला गेली.

पुढचे दिवस विधींमध्ये गेले. लोक येत होते, तिच्या हाताखाली शिकलेले कितीतरी जण आले. सगळे म्हणत, समाधानाने गेली. मला ते ऐकवत नव्हतं. ते समाधान माझ्या खोट्यावर उभं होतं. नवसावर माझा विश्वास नाही, मग खोटं बोललो तर बिघडलं काय, असं मी स्वतःला बजावायचो. पण माझा नसला तरी तिचा होता. तिचा जीव कुठेतरी अडकला असेल, या विचाराने घास उतरेना. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "गुरुजींना विचारूया, काहीतरी तोड असेल." मला तोड नको होती. आयुष्यात पहिल्यांदा मी गणपतीसमोर बसून मागितलं. नवस नाही बोललो. म्हणालो, हे आता माझ्या हाताबाहेर गेलं, तूच बघ. इतकं साधं मागणं मला त्याआधी कधी जमलं नव्हतं.

तेरावा झाला, मी सिंगापूरला परतलो आणि पहिल्याच रविवारी राहिलेला वर्ग घ्यायला निघालो. उशिरा का होईना, फेडू, असं ठरवलं होतं. पाक जमालनी माझं मुंडण केलेलं डोकं बघितलं. मी 'इबू', म्हणजे आई, एवढाच शब्द बोललो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि धक्का येईपर्यंत काही विचारलं नाही.

मुलं बसलेली होती. माझ्या डोक्याकडे बघून कुणी हसलं नाही, बहुधा पाक जमालनी आधीच खूण केली असावी. मी मोडक्यातोडक्या मलयमध्ये मागच्या वेळी न आल्याबद्दल माफी मागायला लागलो, तर मुलं एकमेकांकडे बघायला लागली. नूर उभी राहिली. तिचं म्हणणं मला समजेना, म्हणून पाक जमालनी ते सावकाश पुन्हा सांगितलं. माफी कसली? वर्ग तर झाला. तुम्ही बाईंना पाठवलंत ना?

मी कुणालाच पाठवलं नव्हतं. तसं सांगितलं तर मुलांचा विश्वास बसेना. मग त्यांनी पुरावा दिला. नूरने हात वर केला आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायला लागला:

"बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..."

उच्चार त्यांच्या तोंडचे, हेल मात्र आपल्या परवच्याचा. मी त्यांना मराठीचा एक शब्दही कधी शिकवला नव्हता. ती मुलं बे दाहे वीसपर्यंत न अडखळता गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माझ्या आईने चाळीस वर्षं वर्गावर्गातून हेच म्हणून घेतलं होतं. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. रडू आवरेना, म्हणून आवरलं नाही.

काय घडलं ते पाक जमालनी सांगितलं. त्या रविवारी ते बाटमच्या धक्क्यावर माझी वाट बघून रिकामे परतले. इकडे सकाळीच एक बोट या बेटाजवळ बंद पडली होती. पंख्यात जाळं गुंतलं होतं. बोटीत एक भारतीय बाई होत्या, तिवरांचा अभ्यास करणाऱ्या, पलीकडच्या बेटावर निघालेल्या. बोट दुरुस्त होईपर्यंत त्या धक्क्यावर उतरल्या. मुलांना भारतीय माणूस म्हणजे मी, एवढंच माहीत. पाक गुरूंनी आपल्या जागी माणूस पाठवलं, अशी त्यांची खात्री पटली आणि त्यांनी बाईंचा हात धरून त्यांना वर्गात नेलं.

बाईंचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. सिंगापुरात मराठी माणसं एकमेकांपासून फार दूर नसतात. त्या नागपूरच्या, सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या, राहायला चोआ चू कांगला. आम्ही तिथल्या एका फूड कोर्टात भेटलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा गार होऊ दिला.

"एक सांगू का दादा?" मग त्या म्हणाल्या. "मी बौद्ध आहे. नवस वगैरे मी मानत नाही. तुमच्यासाठी खोटं कशाला बोलू?"

"मीही मानत नव्हतो," मी म्हणालो.

"मुलं ओढत घेऊन गेली. बघते तर वह्या उघडून बसलेली. आता उठून कसं जायचं? त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. मग जे पाठ होतं तेच म्हटलं. बोट तासाभरात नीट झाली होती, नावाडी हाका मारून राहिला होता. पण मला निघवेना. दुपारपर्यंत थांबले." गार चहा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "निघवेना का, ते मात्र मला सांगता येत नाही."

मी त्यांना अधिक काही विचारलं नाही. त्यांनाही ते आवडलं असावं. उठताना मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर त्या संकोचून मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "असं नका करू, वयाने मोठे आहात."

घरी येताना एमआरटीच्या मेट्रोत बसून मी हिशोब लावत होतो. पुण्याचं घड्याळ बेटावरच्या घड्याळाच्या दीड तास मागे असतं. मी आईला 'झाला' म्हणालो तेव्हा तिथे वर्ग सुटला होता. मुलं घरी जेवायला पोचली असतील. मी खोटं म्हणून जे बोललो, ते माझ्या तोंडून निघण्याआधीच खरं झालेलं होतं. हे कुणी केलं, कसं केलं, याचा शोध मी घेत नाही. जाळं पंख्यात गुंततंच, बोटी बंद पडतातच. माझी कुणाशी वाद घालायची इच्छा नाही. मला इतकंच कळलं, की वर्षभर मी समजत होतो नवस मी फेडतोय, माझ्या तिकिटाने, माझ्या डोकेदुखीने. फेडून घेणारा निराळाच होता, आणि मी पोचू शकलो नाही तिथे त्याने त्याचा माणूस उभा केला. त्या दिवसापासून सकाळचा नमस्कार मी थांबून करतो.

त्या बेटावरच्या रविवारबद्दल एक सांगायचं राहिलं. मुलांचे पाढे संपल्यावर पाक जमालनी मला विचारलं होतं, काम झालेलंच आहे, तर बोट परत फिरवू का? त्यांना माझी दया आली होती. आणि खरंच, तिथे माझं काही राहिलेलं नव्हतं. आईचा शब्द पुरा झाला होता, देणं उरलं नव्हतं, मला कुणी पाठवलेलं नव्हतं आणि संध्याकाळी 'गेला होतास?' म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

मी खडू घेतला आणि तीनचा पाढा सुरू केला.