मोहाडीवरून जाणारी मेल

मोहाडीच्या मधुकरराव निपान्यांच्या घरी हातमाग, पण यांचा जीव कॉम्प्युटरात. नव्वदीच्या सुरुवातीला ई-मेल थेट पोचत नसे. पत्त्यात वाटेतला प्रत्येक थांबा लिहायचा: नागपूर, मोहाडी, साकोली. एका ठिकाणचा कॉम्प्युटर पुढच्याला फोन लावून टपाल ढकली. मोहाडीचा थांबा म्हणजे मधुकररावांचा टायपिंग क्लास, आणि त्याचा त्यांना तहसीलदारापेक्षा जास्त तोरा.

साकोलीचा थांबा चालवणाऱ्या धर्मेंद्रनं एक दिवस कोणाला न सांगता कॉम्प्युटर विकून झेरॉक्स मशीन आणलं. पुढचा थांबाच गेला. बेंगळुरूला शिकणाऱ्या भूषणनं साकोलीतल्या आईला, निर्मलाबाईंना, पाठवलेली मेल मोहाडीत अडकली. नियमानं ती परत पाठवायची. मधुकरराव भडकले.

“दारात आलेल्याले कोनी वापस धाडते का?”

त्यांनी मेल छापली, पिशवीत घातली आणि भंडाऱ्याला बस बदलून साकोली गाठली. निर्मलाबाईंना वाचता येत नव्हतं. यांनी वाचून दाखवली, चहा घेतला, उत्तर लिहून आणलं. मग दर आठवड्याला हेच. उत्तराखाली स्वतःचीही भर: ‘आईचा गुडघा दुखतो, पण ऐकत नाही.’

“आता खाकी शर्ट तेवढा शिवून घ्या,” बायको जानकीबाई म्हणाली. हा गृहस्थ खरंच शिंप्याकडे कापडाचा भाव विचारून आला. मी त्यांचा शेजारी, माझं हसू काही आवरेना.

पुढं साकोलीच्या एका कॉलेजात नवी लाइन आली. मेल थेट तिथं उतरू लागली आणि मोहाडीला कोणी विचारेना. “सुटलात,” मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. चिडलो मी, पण त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

शेवटचं सांगून यावं म्हणून ते साकोलीला गेले.

“आता कॉलेजातला बाबू वाचून दाखवन, बाई. मिनिटात येऊन राहिली मेल.”

“मले कायची घाई हाय, भाऊ?” निर्मलाबाई म्हणाल्या. “भूषणले लिहा, मोहाडीवरूनच धाड मना.”

नव्या पद्धतीत पत्त्यात वाट लिहायची सोयच नव्हती. मधुकररावांना हे पक्कं ठाऊक होतं.

“लिहितो,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात साकोलीच्या स्टँडवर उतरून ते आधी कॉलेजात गेले. बाबूकडून भूषणची मेल छापून घेतली, पिशवीत घातली आणि निर्मलाबाईंच्या दारात उभे राहिले.

“मोहाडीवरून आली,” म्हणाले.