ओमुरझाक आकेंची जीभ

शर्यतीचा घोडा तयार झाला की नाही, हे आमच्या नारीनच्या डोंगरात घामावरून ठरतं. घोडा पळवून आणायचा, मानेवरचा घाम बोटाने निपटायचा आणि चाखायचा. खारट, चिकट लागला तर अंगात जडपणा आहे. झूल घालून आणखी घाम काढायचा. पाण्यासारखा बेचव लागला की घोडा मोकळा. घाई केली तर घोडा धावता धावता कोसळतो, पुन्हा उठत नाही. थोरल्या माणसाला आम्ही आके म्हणतो; या चाखण्यात ओमुरझाक आकेंचा हात धरणारा कोणी नव्हता. तीस वर्षं मी त्यांच्याजवळ लगाम धरून उभा राहिलो.

गेल्या हिवाळ्यात तापाने त्यांच्या तोंडाची चव गेली. आमच्याकडे चहात मीठ घालतात; एकदा त्यांच्या घरी ते दोनदा पडलं. माझ्याच्याने एक घोट गिळवेना. त्यांनी वाटी संपवून दुसरी मागितली. मी कुणाला बोललो नाही, त्यांनाही नाही.

उन्हाळ्यात कालमुरातचा तांबडा घोडा त्यांच्याकडे तयारीला होता. शर्यतीला तीन दिवस उरले तेव्हा कालमुरात आला.

"आके, सोयऱ्यांना सांगून बसलोय, माझा तांबडा पळणार म्हणून."

घोडा पळवून आणला. आकेंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, झूल पाठीवर टाकली, पट्टा आवळला. मग बोट मानेवरून फिरवून जिभेला लावलं, मग पुन्हा एकदा लावलं.

"काय आके, जीभपण म्हातारी झाली की काय?" कालमुरात हसला.

आकेंचा चेहरा उतरला. "पळेल," ते हळूच म्हणाले. "ने."

मी लगाम सोडला नाही.

"आके, तुम्ही झूल घातलीत."

"मग?"

"तयार घोड्याला तुम्ही कधी घालत नाही. चाखायच्या आधीच तुमचं ठरलेलं असतं. तीस वर्षं बघतोय."

"तीस वर्षं! आणि आज सांगतोस, मुक्या?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"वा! आता लगाम धरणारा ठरवणार?" कालमुरात म्हणाला.

आके झुलीकडे बघत राहिले. जणू ती दुसऱ्याच कुणी घातली होती. मग घोड्याच्या कुशीकडे, कानांकडे, खुरांकडे पाहिलं.

"सादिर, मी काय बघितलं रे?"

"मला काय माहीत? बघणारे तुम्ही."

त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "मलाही सांगता येत नाही. पण हा पळणार नाही. अजून दहा दिवस."

कालमुरातने चाबूक आपटला, आम्हा दोघांना म्हातारी गाढवं म्हणाला आणि पायीच उतारावरून निघाला. घोडा मात्र त्याने आमच्याकडेच ठेवला.

चहा आला. आकेंनी वाटी माझ्यापुढे सरकवली.

"मीठ बघ."

"जास्त झालंय."

"मग असं बोलत जा," ते म्हणाले आणि उठून, अजून दहा दिवस झूल राहायची म्हणून, तिचा पट्टा एक घर सैल केला.