रांगोळीच्या पट्ट्यावर उभा माणूस

भूतखेत, अंगात येणं... मला कधीच खरं वाटलं न्हाई. कामाच्या माणसाला भुतं दिसत न्हाईत, असंच म्हणायची मी. तरी हे घडलंय. मी सांगायले, नात मोबाईलवर लिहायली.

आमी मुखेडकडचे. माझे मालक, पोरीचे वडील, देगलूरला अडतीवर हमाल होते. ट्रक मागं येताना उभं राहून ड्रायव्हरला हातानं दावायचं कामबी त्यांच्याकडंच. एक दिवस एका ड्रायव्हरला त्यांचा हात दिसलाच न्हाई... मालक तिथंच गेले. पोरगी कडेवर होती. मग बिड्या वळल्या, दुसऱ्याच्या रानात खुरपलं. रडायला सवड न्हवती.

आता लातूरला पोरीपाशी ऱ्हाते. एमआयडीसीतल्या एका शेडमदी गाडीच्या मागं लावायचे कॅमेरे जोडते. बिड्या वळून बोटं हलकी झालेली, तेवढ्यावर घेतलं. काच पुसायची, रबर बसवायचं, स्क्रू आवळायचे. मग जुन्या टेम्पोला लावून बगायचं — जमिनीवरचे दोन पांढरे पट्टे पडद्यावरच्या रेघांशी जुळले की कॅमेरा पास. रंग टिकत न्हाई, म्हणून मी अन् माझ्यासंगं कामाला असलेली मंगल पट्टे रांगोळीनंच वढतो.

त्या दिवशी जेवणं झाली. शेडचे ड्रायव्हर गफूरभाई टेम्पो चालवायला बसले, मी शेजारी कॅमेऱ्याच्या पडद्यापुढं.

"मावशी, तुमच्या टीव्हीवर शिरेल लागली का?"

"लागली. तुमीच तर हिरो त्यातले. घ्या मागं."

पडद्यावर पट्टे मोकळे होते. गाडी हलली अन् पट्ट्याच्या शेवटाला माणूस दिसला. डोक्याला पंचा, खांद्यावर पोतं उचलायचा आकडा. तळहात आमच्याकडं केलेला... मालक ट्रक थांबवायचे तसा. तोंड दिसलं न्हाई. हात वळखला.

"थांबा," मी म्हणलं. मोठ्यानं बी न्हाई.

गफूरभाईंनी ब्रेक दाबला. "क्या हुआ?"

उतरून मागं गेलो. माणूस न्हवता. पर बंपरखाली मंगल उकिडवी बसलेली, पुसलेला पट्टा भरायली होती. चाक तिच्या पदरावर आलेलं. कॅमेरा जरा वर तोंड करून बसला होता, खालचं त्याला दिसतच न्हवतं.

"अगं, गाडीचा आवाज आला न्हाई?"

"ह्या कॉम्प्रेसरच्या गोंगाटात?" पदर वढून बगितला, तवा तिला चाक दिसलं.

"तुझ्या मागं कोण उभं होतं?"

"मागं भिंत हाय, मावशी."

खरंच होतं. पट्टे भिंतीलाच भिडत्यात. तिकडून यायला-जायला वाटच न्हाई.

साहेबांनी कॅमेरा खोलून बगितला, कायबी गवसलं न्हाई. सरळ बसवून पास केला. कुठल्या तरी गाडीला लागला बी असंल.

ते काय होतं, मला आजबी सांगता येत न्हाई. पुन्हा दिसलं न्हाई. पर आता टेम्पो मागं घ्यायच्या आदी मी उतरते, बाजूला उभी राहून हातानं दावते. गफूरभाई हसत्यात, "मावशी, फिर कॅमेरा कायको?"

हसू द्यावं. गाडी थांबेस्तोवर मी हात खाली घेत न्हाई.