पावसात न जाणारी केबल

आमच्या तुळसाबाईची गोष्ट सांगायची तं पहिले केबलची सांगा लागते. भिलाईच्या रुआबांध्यातल्या आमच्या कॉलनीत पंधरा वर्षांपासून केबल बळीरामची. दर तीन वर्षांनी सोसायटी त्याचा करार वाढवते. यंदा सेक्रेटरी देवेंद्र अडून बसला. म्हणे, नवीन कंपनीले देऊ, याची लाईन रोज जाते. बळीरामजवळ ही एकच कॉलनी. ही गेली की खांबावर चढणं बंद, अन् त्याले दुसरं काही येत नाई.

पाण्याच्या टाकीखाली मीटिंग. देवेंद्रनं वही काढली. "जूनपासून सत्तर बार! साडेसातला बंद, आठला चालू. ये कोई तरीका है?"

एरवी खांबावर लटकून बी गप्पा मारणारा बळीराम मान खाली घालून म्हणे, "चुकलं जी." बस, एवढंच!

मले तिथंच खाज सुटली. हा कावून गप्प?

"देवेंद्र, ती वही दे बरं इकडे."

"मावशी, तुम्हाला काय समजणार?"

"तुझी पत्रिका मी जुळवली, मले वही नाई समजणार?"

पाहते तं जुलैतले आठ दिवस कोरे. ती झड मले पाठ आहे, आठ दिवस माझ्या साड्या वाळल्या नव्हत्या. ऑगस्टमध्येही पावसाचे तेवढे दिवस कोरे. बाप्पा! साऱ्या भिलाईत पावसानं केबल जाते, आपली पावसातच कशी काय टिकते?

आमच्या ओळीत सिग्नल वाढवायचा डब्बा तुळसाबाईच्या घरात. करंट तिचा, म्हणून केबल तिले फुकट. मी तिच्याकडे पाहिलं. बाई पदराच्या टोकाची सुरळी करून राहिली होती.

तिचा नवरा रेल्वेत गँगमन. तीस वर्षं दुर्ग लाईनच्या क्वार्टरात काढली. तिथे साऱ्या दारांसमोर एकच लांब ओटा. भाजी निवडा, भांडा, पण संध्याकाळी बाहेर बसा. नवरा गेल्यावर ती इथे आली, तं साडेसात वाजले की साऱ्यांची दारं बंद, आत सीरियल. केबल गेली की मात्र आम्ही साऱ्या पायऱ्यांवर. "तुमची बी गेली का वो?" अन् ही पहिलेच चटई टाकून, फुटाणे घेऊन बसलेली. म्हणे, "बसा, येईल थोड्या वेळात." पावसात कोण बसते बाहेर?

मी तोंड उघडायच्या आधी तीच उभी राहिली. "बळीरामले बोलू नका. बटन मी बंद करते."

"कावून जी काकी?" कोणीतरी ओरडलं.

"मंग तुम्ही बाहेर कधी येता?"

बळीरामच बोलला, "मले पहिल्याच हप्त्यात समजलं होतं."

"मंग सांगतलं कावून नाई?" देवेंद्र आपल्या घरच्या बोलीवर आला, म्हणजे खराच चिडला होता.

"सांगतलं असतं तं डब्बा हलवा लागला असता, भाऊ. डब्बा पाहाले गेलो की मिळणारा काकीच्या हातचा चहा गेला असता."

हसू फुटलं. करार वाढला, पण देवेंद्रनं अट घातलीच: डब्बा तिथून हलवायचा, भरवशाच्या घरी. सारे माझ्याकडे पाहाले लागले. घ्या! डब्बा आला माझ्या घरी.

बारा दिवस केबल एक मिनिट गेली नाई. बळीराम ताठ मानेनं फिरे. मी खिडकीतून पाहो, तं तुळसाबाई चटईवर एकटी, फुटाण्याची वाटी भरलेलीच.

तेराव्या दिवशी साडेसात वाजता माझ्या सीरियलमधली सून पोलिसात जायच्या बेतात होती. जाते का नाई, मले पाहाचंच होतं. पण आपण बटन दाबलं तं कोण कोण बाहेर येते, हे त्याच्याहून जास्त पाहाचं होतं.

सगळ्यात पहिले देवेंद्र आला. "मावशी, तुमची पण गेली?"

"गेली ना रे. बस, येईल थोड्या वेळात."

तुळसाबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, अन् चटईवर जरा सरकून जागा केली.