वाकडा लावलेला आरसा

"खोलून पाहू." काही बंद पडलं की काकूंचं हेच असायचं. बरं, चालू असलं तरी हेच. माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर त्यांची पिठाची चक्की होती. आता तिला कुलूप आहे. आंधळगावात असा एकही मिक्सर नसेल, जो काकूंनी उघडला नाही.

दिवाळीनंतरची आमची मंडई म्हणजे गावची जत्राच. त्या वर्षी तिथे लेझरचे दिवे आले. दुसऱ्या दिवशी काकू पीठभरल्या अंगानेच दुकानात शिरल्या.

"बाबू, लेझरचा तं एकच ठिपका असते. मंग भिंतीवर फूल काहून दिसते?"

"आरसा गरगर फिरते, काकू. ठिपका धावते, आपल्याले रेघ दिसते."

"मंग आपण बनवू. ह्यायले दाखवाचं हाये."

'हे' म्हणजे काका. पूर्वी मंडईत दंडार, म्हणजे आमच्याकडचा लोकनाच, नाचायचे. लकवा मारल्यापासून खाटेवर पडून, तोंड भिंतीकडे. वाचा शाबूत, पण बोलत नव्हते. काकू घास भरवायच्या, तेव्हाही त्यांच्याकडे बघत नव्हते. काकू बाकी सगळं सोसायच्या, हे एक त्यांना सोसवत नव्हतं.

मी आधी नाहीच म्हणालो. माझा स्वभावच तसा, आधी नाही म्हणायचं आणि मग मुकाट्याने सामान काढून द्यायचं. जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या दोन मोटरी, हिरवा लेझर, वेग कमी-जास्त करायची बटणं. आरसे काकूंनी पावडरच्या डबीतून काढले. एकेका मोटरीवर एकेक चिकटवला, समोरासमोर ठेवून चालू केलं. छतावर ठिपका. नुसता ठिपका.

पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. मी तारा तपासल्या, मोटरी बदलल्या, चिडलो. मग जवळून बघितलं, तर आरसे कसे अगदी सपाट, तंतोतंत बसवलेले.

"काकू, थोडे वाकडे लावा ना. सपाट आरसा फिरला काय अन् थांबला काय, सारखंच."

काकूंनी आरसा उचकटला आणि पुन्हा सपाटच टेकवला. उभा जन्म दगड सरळ बसवण्यात गेलेला. चक्कीचा दगड तिळभर कलला तर पीठ जाड येतं. "वाकडं लावाले हात नाही होऊन राहिला, बाबू."

शेवटी मन घट्ट करून एक वाकडा लावला. ठिपक्याचा गोल झाला. दुसराही तसाच लावून फिरवला, फूल झालं. एका मोटरीच्या तारा उलट्या जोडल्या, तर निराळंच फूल. काकूंनी त्या दिवशी आलेली दळणं परत पाठवली.

किरण डोळ्यांत जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी पत्रा लावला आणि बटणं काकांच्या चालत्या हाताखाली ठेवली. संध्याकाळी दिवा मालवला. छतावर फूल फिरू लागलं. काका भिंतीकडेच.

"लय जोरात फिरून राहिलं," काकू खाटेजवळ खाली बसत म्हणाल्या. "तुमीच कमी करा ना."

बऱ्याच वेळाने काकांचा हात हलला. फूल मंदावलं, डोलायला लागलं. काकू मान वर करून बघत होत्या.

काकांनी तोंड फिरवलं. छताकडे नाही, काकूंकडे.

"मान दुखन तुई," ते म्हणाले. "इथं लेट."