कंदिलाच्या काचेवरचा अंगठा

१९६१ साली खालापूरचे बद्रुद्दीन हवालदार पुण्याहून बोटांचे ठसे घ्यायचं शिकून कर्जतच्या ठाण्यात परतले, तेव्हा त्यांच्या काखोटीला एक पत्र्याची पेटी होती. आत भिंग, मऊ ब्रश, पांढरी पूड आणि शाई. ठाण्यातल्या मंडळींनी पेटीचं नाव ठेवलं ‘न्हाव्याची धोपटी’.

हवालदार चिडायचे. “अरे, कलकत्त्यात दोन देशी फौजदारांनी या रेघांचं गणित बसवलं, आणि नाव झालं गोऱ्या साहेबाचं! आपल्याच घरची विद्या आहे ही,” असं तावातावाने सांगायचे. ऐकणारे आपले निवांत पान जमवत बसायचे.

खरं दुखणं वेगळंच होतं. चोरी झाली की घरची बाई आधी जमीन सारवून घ्यायची. पोलीस म्हणजे पाहुणा, तोही सरकारी! भांडी राखेने लख्ख, ट्रंक ओल्या फडक्याने पुसलेली आणि चुलीवर चहाचं आधण. चोराने मागे ठेवलेलं सगळं ती माउली धुऊन काढायची. दीड वर्षात चिमूटभर पूडसुद्धा कामी आली नव्हती.

अशात भातलावणीच्या दिवसांत, कशेळ्याजवळच्या एका गावात भरदुपारी धोंडूबाईंची सोन्याच्या पुतळ्यांची माळ माजघरातल्या ट्रंकेतून गेली. सगळं घर शेतावर. मधे भाकऱ्या न्यायला घरी आला होता तो एकटा हिरू, डोंगरातल्या पाड्यावरचा गडी. गावाने त्याला ओटीवरच्या खांबाला बांधून टाकलं. सकाळी फौजदार त्याला ठाण्यावर नेणार होते, आणि तिथे त्याच्याकडून काय वदवून घेतलं जाईल हे बद्रुद्दीनना पुरतं ठाऊक होतं. हाती होती ती एवढी संध्याकाळ.

ते पोचले तेव्हा जमीन अर्थातच ओली होती.

“सारवलंत, मावशी?”

“मंग! तुमी येनार, आनि घर तसंच ठेवू?”

बद्रुद्दीननी कपाळाला हात लावला. बाजूला धोंडूबाईंचा भाचा पदू मोठ्याने हळहळत होता, “दोन महिन्यांनी आत्ता सांजच्याला मावशीकडं पाय लागला, आनि हे असं ऐकायचं!”

दिवेलागण झाली. धोंडूबाईंनी रोजच्यासारखं फडकं घेतलं आणि माजघरातल्या कंदिलाची काच पुसायला उचलणार, तोच बद्रुद्दीन ओरडले, “हात लावू नका!”

माजघराला खिडकी नव्हती. तिथे भरदुपारीही दिव्याशिवाय ट्रंक दिसायची नाही. म्हणजे चोराने कंदील लावला असणार, आणि त्यासाठी काच उचलली असणार! पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी शेकडो ठसे उचलले, त्यातला हा पहिला. काजळी धरलेल्या काचेवर बाहेरून पूड फिरली आणि एक अंगठा पांढराशुभ्र उठून आला.

त्यांनी सगळ्यांचे अंगठे कागदावर घेतले. धोंडूबाईंचा नव्हता. हिरूचा नव्हता. उरला पदू. भिंगाखाली त्याच्या अंगठ्याची रेघ न् रेघ काचेवरच्या ठशाशी जुळली.

“आत्ता सांजच्याला आलास ना रं? मग दुपारी कंदील कुणी लावला?”

पदूने गवताच्या उडवीतून माळ काढून दिली.

हिरूला सोडलं. मनगटं चोळत तो हवालदारांजवळ येऊन उकिडवा बसला आणि कागदावर बोट ठेवून म्हणाला, “ह्यो माजा?”

“तुझाच.”

“आनि असा दुसरा कोनाचा?”

“कोनाचाच नाय रं. अख्ख्या दुनियेत नाय.”

हिरू बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. मग त्याने हट्टाने आणखी एक ठसा काढून घेतला, स्वतःसाठी. बद्रुद्दीननी तो आनंदाने दिला.

धोंडूबाई खाली मान घालून उभ्या होत्या. “आमी सगळ्यांनी तुलाच धरला रं, चुकलं आमचं,” त्या पुटपुटल्या.

हिरूने तो कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. “नीट बघ गं बाय. ह्यो मी हाय.”